चौथा रकाना

एकोणीस वर्षं मी भंगाराची वही लिहिली.
तारीख, नाव, नग. तीनच रकाने.
रुपये मी मनात मांडायचो,
ते पगाराच्या पाकिटात आपोआप कमी व्हायचे.

आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत.
कूलरचे पंप करतो आम्ही.
नवतप्यात अर्ध्या नागपूरच्या खिडक्यांत
आमचा पंप कुणाच्या तरी झोपेसाठी
रात्रभर पाणी चढवत असतो.
(हे मी लग्नात सांगतो. लोक जेवत राहतात.)

वही माझी स्वच्छ होती.
महिन्याला पाच नग, फार तर सहा.
शेठ म्हणायचे, गोनाडे, तुमचं काम चोख.
मलाही तसंच वाटायचं.

मग लांजेवार मॅडम आल्या.
पहिल्याच आठवड्यात मागच्या भिंतीपाशी
चाचणीच्या टाकीसाठी त्यांनी खड्डा खणायला लावला.
दोन फुटांवर कुदळ वाजली.
दगड नव्हता.
पंपातल्या फिरक्या निघाल्या,
काळ्या, मातीनं बुजलेल्या, एकीत एक अडकलेल्या.
घमेलंभर. मग दुसरं. मग अकरावं.

सगळे आपापल्या चपला बघत उभे.

मॅडमनी एक फिरकी नळाखाली धुतली.
मग दुसरी. तिसरी.
उन्हात ओळीनं मांडल्या, सांडग्यांसारख्या.
सगळ्या एकाच जागी तडकलेल्या:
तिसऱ्या पात्याच्या बुडाशी.

"साच्यातच हाय ते," मुबीन हळूच म्हणाला.
"कधीपासून माहीत आहे?"
"मले? सात वर्सं झाली असन जी."
"मग सांगितलं काहून नाही?"
त्यानं सगळीकडे पाहिलं.
फक्त माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत चौथा रकाना आला.
पट्टी मीच धरली, रेघ तरी तिरकी गेली.
वर लिहिलं: काय समजलं.
आणि रुपये कापणं बंद.
पहिली नोंद मॅडमची स्वतःची:
चाळीस मोटरी, उलटी जोडणी, माझी घाई.
काय समजलं: पिवळ्या बल्बखाली
लाल आणि नारिंगी वायर सारखीच दिसते.
दुपारपर्यंत बल्ब बदलले.

त्या महिन्यात नग झाले एकशे बारा.
शेठ वही घेऊन तरातरा आले,
"कारखाना चालवायचा का शाळा?"
मॅडम म्हणाल्या,
तुटतं तेवढंच आहे, साहेब.
फक्त आता जमिनीच्या वर आहे.

पॅकिंगमधली सुलोचना झाडे,
जिचा आवाज मी दिवाळीच्या बोनसलाच ऐकला होता,
ती जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन आली.
कूलरच्या ताटीतलं गवत पंपात अडकतं ना,
तोंडाला हे बांधून बघू.
सोमवारी बांधलं, मंगळवारी पंपानं गिळलं.
बुधवारी दुहेरी; पाणीच चढेना.
गुरुवारी तिनं घरून चहाची गाळणी आणली.
चार दिवस, चार ओळी, चौथा रकाना भरून वाहिला.
लोक हसले,
पण खड्ड्यापूर्वी हसायचे तसे नाही.
शनिवारी संध्याकाळी गाळणी टिकली.
आधी असल्या गोष्टीला आम्हाला
दोन उन्हाळे लागले असते,
आणि तिसऱ्यात ती शेठच्या मेहुण्याला सुचली असती.

काल जेवणाच्या सुट्टीत वही उघडून बसलो.
तारीख टाकली.
नाव: गोनाडे, स्टोअर.
नग: घमेली अकरा.
खाली, लहान अक्षरात: सहारेचे तीनशे रुपये,
तो सोडून गेला त्या दिवाळीचे.
हल्ली वाडी नाक्यावर पंक्चर काढतो म्हणे.
साचा चुकला होता, हात त्याचा नव्हे.

चौथ्या रकान्याशी पेन थांबलं.
थांबलंच.

मुबीन वॉशर मागायला आला,
खांद्यावरून वाकून वाचलं त्यानं,
काही वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"राहू द्या जी रिकामं.
सुचन तवा लिहा.
वही कुठं पळून चालली?"